रयतेचा मुखत्यार : सार्वजनिक काका

१८७९ च्या अखेरीस पुण्याच्या न्यायालयात एक खटला उभा राहिला. आरोपी होता लष्करी हिशेब खात्यातला एक माजी कारकून. रामोशी, कोळी आणि धनगर तरुणांना हाताशी धरून त्याने सरकारविरुद्ध बंड पुकारले होते, धनिकांवर दरोडे घातले होते आणि अखेर जुलै महिन्यात विजापूर जिल्ह्यातील देवरनावडगी येथे तो आजारी अवस्थेत पकडला गेला होता. त्याचे नाव वासुदेव बळवंत फडके. पुण्यात तेव्हा वकिलांची वाण नव्हती; पण या आरोपीचे वकीलपत्र घ्यावयास सहसा कोणी धजेना. ज्याच्यावर राजद्रोहाचा आरोप, त्याच्या शेजारी उभे राहणाऱ्यावरही संशयाची सावली पडणार हे उघड होते. अशा वेळी जे पुढे आले, त्यांत पन्नाशी उलटलेले, अंगात जाडेभरडे हातविणीचे कपडे घालणारे एक गृहस्थ होते. साऱ्या शहराला ते ठाऊक होते, मात्र त्यांच्या खऱ्या नावाने नव्हे. गणेश वासुदेव जोशी यांना पुणे सार्वजनिक काका म्हणूनच ओळखत असे.

फडक्यांच्या बंडाची कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या कथेत काकांच्या वाट्याला एखादी ओळ येते: यांनी फडक्यांचे वकीलपत्र घेतले. त्या ओळीमागे दहा वर्षांचा पेच दडलेला आहे. सनदशीर मार्गावर गाढ विश्वास असलेला हा माणूस कर्ज, सारा, दंगा, दुष्काळ आणि बंड अशा एकामागून एक संकटांतून गेला, आणि प्रत्येक वेळी त्याला दोन न पटणाऱ्या बाजूंच्या मध्ये उभे राहावे लागले.

काकांचा जन्म १८२८ सालचा, साताऱ्याचा. छत्रपतींची गादी अजून साताऱ्यात होती, पण खरी सत्ता इंग्रजांच्या हाती गेलेली होती. काका विशीत असतानाच ते राज्यही खालसा झाले. घरची परिस्थिती साधारण. शिक्षण म्हणावे तर फार नाही. विसाव्या वर्षाच्या सुमारास ते पुण्यात आले, न्यायालयीन कचेरीत नोकरी केली, कामकाज पाहता पाहता कायदा शिकले आणि पुढे वकिलीची परीक्षा देऊन स्वतंत्र व्यवसाय करू लागले. विद्यापीठाची पदवी मिरवणारी पिढी त्यांच्या मागून आली. काका त्या पिढीचे नव्हते. कचेरीच्या ओट्यावर बसून रयतेचे कज्जे ऐकणारा, दाखले-दस्तऐवज हाताखालून गेलेला हा वकील होता, आणि त्यांच्या पुढच्या सर्व कार्यावर या अनुभवाचा ठसा दिसतो.

सार्वजनिक सभेच्या जन्माची हकिकतच पाहा. पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराबद्दल पुण्यात तक्रारी होत्या. तक्रार करणाऱ्यांना प्रश्न विचारला गेला, की तुम्ही बोलता ते कोणाच्या वतीने? एखाद्याने हा प्रश्न अपमान म्हणून सोडून दिला असता. काकांमधल्या वकिलाला त्यात तोड दिसली. बोलण्याचा अधिकार हवा ना, मग तो लेखी घेऊनच यावे! २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सभासद होण्याची अट अशी होती, की प्रत्येकाने किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. अशा ९५ सभासदांच्या मागे सहा हजारांहून अधिक लोकांची मुखत्यारपत्रे होती. औंधचे श्रीमंत पंतप्रतिनिधी सभेचे पहिले अध्यक्ष झाले. मतपेटीचा पत्ता नसलेल्या काळात प्रातिनिधिकतेची ही घरगुती पद्धत एका वकिलाला सुचली, ही गोष्ट आजही विचार करायला लावणारी आहे. सभेचे काम हेच काकांचे जीवन झाले आणि सभेचे नाव त्यांच्या नावाआधी येऊन बसले.

हे सारे चित्र उजळ असले तरी त्याला एक काळी कड आहे. मुखत्यारपत्रे देणारे आणि घेणारे होते कोण? सरदार, इनामदार, वकील, व्यापारी, सावकार. जातीने पाहिले तर ब्राह्मणांचे प्राबल्य. कुणब्याच्या नावाने बोलणाऱ्या या सभेत कुणबी कोठे आहे, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी पुढे अत्यंत कठोर शब्दांत विचारला आणि तो निराधार नव्हता. काकांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की ज्या वर्गातून सभा उभी राहिली त्या वर्गाच्या हितापलीकडे पाहण्याचा प्रयत्न त्यांनी केला. तो किती सफल झाला हे पुढे येईलच.

त्या वर्षांत दख्खनचा शेतकरी कसा अडकला होता हे समजल्याशिवाय काकांची धडपड समजत नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वेची कामे जोरात होती, मजुरी वाढली, धान्य महागले. शेतकऱ्याची पत वाढल्याने सावकारही हात सैल सोडून कर्ज देऊ लागला. १८६५ ला युद्ध संपले, मुंबईचा शेअर बाजार कोसळला आणि कापसाचा भाव उतरणीला लागला. नेमक्या याच सुमारास पुणे जिल्ह्यात जुन्या जमाबंदीची ३० वर्षांची मुदत संपून फेरपाहणी सुरू झाली. अधिकाऱ्यांनी तेजीतले भाव डोळ्यांपुढे ठेवून सारा ठरवला. १८६७ मध्ये इंदापुरापासून हे सत्र सुरू झाले, मग भीमथडी, हवेली असे एकेक तालुके आले. अनेक गावांत सारा एकदम निम्म्याहून अधिक वाढला. सारा रोख भरायचा, तोही ठरल्या हप्त्याला, पीक येवो न येवो. तेव्हा पुन्हा सावकाराचे दार.

सावकाराच्या हातीही नवे हत्यार आले होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावणे भाग झाले. कायदा करणाऱ्यांचा हेतू ऋणकोचे रक्षण हा होता. घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दलात व्याज मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि त्या रकमेवर पुन्हा व्याज चढू लागले. निरक्षर कुणब्याने रोख्याखाली नांगराची निशाणी करायची आणि त्यावर काय लिहिले आहे ते दिवाणी न्यायालयात हुकूमनामा झाल्यावर कळून घ्यायचे, असा हा व्यवहार. न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन पाहण्याचे कारण नव्हते. कागद खरा, सही खरी, म्हणजे दावा खरा. काकांनी असे किती दावे उघड्या डोळ्यांनी पाहिले असतील याची कल्पनाच केलेली बरी.

१८७१ साली महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले आणि सभेला विचारांचा आधार मिळाला. रानडे सरकारी नोकर. त्यांना उघडपणे पुढे येता येत नसे. त्यामुळे मांडणी रानड्यांची आणि खटपट काकांची, अशी जोडी जमली. १८७२ मध्ये सभेने शेतसाऱ्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली, तालुक्यातालुक्यातून माहिती मागवली आणि पुढच्या वर्षी अहवाल छापला. सरकारी फेरपाहणीला लोकांच्या बाजूने दिलेले हे आकडेवारीचे उत्तर होते. १८७४ च्या ऑक्टोबरात मुंबई सरकारने सारावाढीवर मर्यादा घातल्या: गावांच्या गटाला ३३ टक्के, एका गावाला ६६ टक्के, एका खातेदाराला दुप्पट. अर्जांना अगदीच अर्थ नसतो असे नाही, हे सभेला पटवून देणारा हा क्षण असावा. पण मधल्या काळात सारा न परवडून किती घरांनी रोखे लिहून दिले होते, त्याचे काय?

त्याचे उत्तर १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात मिळाले. भीमथडी तालुक्यातील या गावी आठवड्याच्या बाजाराला जमलेल्या शेतकऱ्यांनी गुजर वाण्यांची घरे आणि दुकाने घेरली, रोखे, खतावण्या, चोपड्या बाहेर ओढल्या आणि त्यांची होळी केली. पाहता पाहता पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हेच घडले. या दंग्यात रक्तपात जवळजवळ झाला नाही. सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तर बहुधा त्याला हातही लागत नसे. लोकांचा राग नेमका कोणावर होता हे त्यावरून दिसते. तो कागदावर होता. पोलीस आणि लष्कर आले, हजाराच्या आसपास माणसे पकडली गेली आणि त्यांतील निम्म्यांहून अधिकांना शिक्षा झाल्या.

काकांचा पेच येथे स्पष्ट होतो. ज्या कायद्याच्या मार्गाने दाद मागायला ते लोकांना शिकवत होते, त्याच कायद्याचे कागद लोक जाळत होते. सावकारांपैकी काही सभेच्या वर्तुळातले, जळणारे रोखे कायदेशीर, आणि जाळणारा माणूस उपाशी. सभेने दंग्याचा कैवार घेतला नाही. मात्र दोष एकट्या सावकाराचा नाही, त्याच्या मागे साऱ्याचा बोजा आणि न्यायालयांची पद्धत आहे, ही भूमिका तिने सोडली नाही. काकांनी स्वतः त्याच्यापुढे एक पाऊल टाकले. पुण्यात लवाद कोर्ट सुरू करून, खर्चिक दिवाणी दाव्याऐवजी पंचांपुढे समेटाने कज्जे मिटवण्याची सोय त्यांनी केली. वकिलानेच लोकांना न्यायालयापासून परावृत्त करावे, हे व्यवसायबंधूंना फारसे रुचले असेल असे वाटत नाही.

स्वदेशीचा त्यांचा आग्रह याच विचारातून आला. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी देशी सुताचेच कपडे वापरण्याची शपथ घेतली. गांधीजींच्या चरख्याला तेव्हा जवळजवळ अर्धशतकाचा अवकाश होता. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या असल्या नित्याच्या वस्तू येथेच तयार व्हाव्यात म्हणून त्यांनी उद्योग काढविले, देशी मालाची दुकाने उघडविली, पदरचा पैसा घातला. त्यांतील फारसे टिकले नाही. गिरणीच्या कापडाशी हातमागाच्या जाड्याभरड्या कापडाने किंमतीत टक्कर द्यावी हे गणितात बसणारे नव्हतेच, आणि काका काही मोठे व्यापारी नव्हते. घरातून मात्र त्यांना साथ होती. पत्नी सरस्वतीबाईंनी पुण्यातील बायकांना एकत्र आणणारी स्त्रीविचारवती सभा काढली आणि हळदीकुंकवासारख्या घरगुती प्रसंगाला सार्वजनिक रूप दिले.

बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष देण्याचा आरोप आला, तेव्हाही त्यांच्या बचावासाठी पुण्यात झालेल्या खटपटीत काका होते. मल्हाररावांचा कारभार काही आदर्श नव्हता. चौकशी आयोगात एकमत न होताही १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले. त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानला प्रतिनिधित्व मिळावे असा अर्ज सभेने सुमारे २१ हजार सह्यांनिशी पाठवला. सहा हजार मुखत्यारपत्रांपासून पाच वर्षांत येथवर मजल गेली होती. अर्जाचे काही झाले नाही.

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये फसला. खरीप गेले, रब्बीची पेरणीच झाली नाही. त्या हिवाळ्यात गावेच्या गावे गुरे घेऊन निघाली, आणि त्याच हिवाळ्यात दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्याच्या दरबाराची तयारी चालली होती. १ जानेवारी १८७७ च्या त्या दरबाराला सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका गेले. राजेरजवाड्यांच्या जरीच्या पोशाखांत, हिऱ्यामोत्यांच्या झगमगाटात हा एक माणूस पांढऱ्या खादीत वावरत होता. सभेच्या मानपत्रात राणीचे अभिनंदन होते आणि हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे हक्क मिळावेत ही मागणीही होती. त्या मानपत्राला आपण आज हसू शकतो. पण दुष्काळातल्या माणसासाठी ज्याच्याकडे मागायचे, त्याच्याच दरबारात हजेरी लावण्यावाचून त्या काळी सनदशीर माणसाला दुसरा दरवाजा नव्हता.

त्याच महिन्यात व्हाईसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाच्या खर्चाला आळा घालण्यासाठी दक्षिणेकडे पाठवले. दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी कापण्यात आली. मुलकी खात्याच्या कामांवर पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा मिळू लागला; आधी तो एक आणा होता. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला हे पुरत नव्हते. शिवाय कामे दूरच्या ठिकाणी, घरापासून कोसच्या कोस. हजारो मजुरांनी कामेच सोडून दिली. सरकारला त्यात हट्ट आणि चिथावणी दिसली. सभेच्या ठिकठिकाणच्या प्रतिनिधींनी मात्र कामावरची परिस्थिती प्रत्यक्ष पाहून कळवली, मजुरी आणि भाव यांचे हिशेब मांडले, आणि पुण्याहून ही दुष्काळवृत्ते सरकारकडे आणि वृत्तपत्रांकडे जाऊ लागली. एका पौंडात काय शिजते आणि किती जणांत वाटावे लागते, हा प्रश्न त्यांतून सरकारी टेबलावर गेला. सरकारदप्तरी त्यांची नोंद झाली, स्वागत झाले नाही. दख्खनमध्ये माणसे लाखांनी मेली. १८७७ मध्येच टेंपल मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. ज्याच्या मजुरीवर सभेने टीका केली, त्याच्याच कारकिर्दीत आता सभेला वावरायचे होते.

आता पुन्हा फडक्यांकडे. पनवेलजवळच्या शिरढोणचा हा तरुण पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात नोकरीला होता. आई अत्यवस्थ असताना वेळेवर रजा मिळाली नाही आणि तिची शेवटची भेट चुकली, हा सल त्याच्या मनात कायम राहिला. देशाची संपत्ती कशी वाहून चालली आहे यावरची रानड्यांची व्याख्याने त्याने ऐकली, काकांच्या स्वदेशीने तो भारावला. पुढे दुष्काळात फिरून त्याने माणसे मरताना पाहिली. ऐकलेला विचार एकच होता. काका आणि रानडे त्यावरून अर्जाकडे गेले आणि फडके शस्त्राकडे. १८७९ च्या फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातील धामारीवर पहिला दरोडा पडला. मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीत सापडले. ही आग सरकारी पुस्तक भांडारातल्या एका नोकराने आपला गैरव्यवहार झाकण्यासाठी लावली होती हे नंतर उघड झाले, पण तोवर शहरावर बंडखोरीचा शिक्का बसला होता. रानड्यांची धुळ्याला बदली झाली आणि त्यांच्या टपालावरही नजर ठेवली गेली. पुण्याच्या ब्राह्मणांच्या मनात पेशवाई अजून जिवंत आहे, अशा आशयाचे इशारे टेंपल व्हाईसरॉयकडे पाठवत होते. सार्वजनिक सभा या संशयाच्या अगदी मध्यभागी होती.

अशा दिवसांत काकांनी फडक्यांपासून चार हात दूर राहणे हेच सभेच्या हिताचे होते, असे म्हणणारे त्यांना कोणी भेटलेच नसतील असे नाही. सभेने बंडाचा निषेध केलेला होता. फडक्यांचा मार्ग काकांना पटणारा नव्हता, आणि वकीलपत्र घेतल्याने दहा वर्षांच्या निष्ठावंत अर्जांवर पाणी पडण्याचा धोका होता. तरीही ते उभे राहिले. महादेव चिमणाजी आपटे यांनीही बचावाची बाजू मांडली. खटल्यात वाचण्यासारखे फारसे नव्हते. फडक्यांची रोजनिशी आणि आत्मवृत्त सरकारच्या हाती पडले होते आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सर्व लिहून ठेवले होते. जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, एडनला रवानगी झाली, तेथेच फेब्रुवारी १८८३ मध्ये फडके मरण पावले. मला वाटते, काकांनी हे वकीलपत्र घेतले त्यात धाडसापेक्षा सातत्य अधिक होते. मुखत्यार नसलेल्याला मुखत्यार मिळवून देणे हा तर त्यांचा पहिल्यापासूनचा धंदा.

योगायोग असा, की याच दिवसांत, नोव्हेंबर १८७९ पासून, दख्खनचा शेतकरी ऋणनिवारण कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत अमलात आला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद झाले. न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला, हप्ते बांधून देता येऊ लागले आणि दाव्याआधी समेट घडवण्यासाठी सलोखेकरी नेमण्याची तरतूद झाली. काकांच्या लवादाची आठवण व्हावी अशी ही तरतूद. सुप्याच्या होळीला तेव्हा साडेचार वर्षे झाली होती. साऱ्याचे ओझे मात्र कायद्याच्या बाहेरच राहिले. सावकाराचा हात धरणाऱ्या सरकारने स्वतःचा हात आवरता घेतला नव्हता.

या कायद्याचा गुण आलेला पाहायला काका राहिले नाहीत. जुलै १८८० मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत, आत्मचरित्र मागे ठेवले नाही. सभेच्या त्रैमासिकातून पुढे शेतसारा आणि अर्थकारणावर भरदार लेखन करणारे गणेश व्यंकटेश जोशी हे वेगळे. आद्याक्षरे तीच असल्याने अभ्यासकांचीही कधी कधी गल्लत होते आणि काकांचे श्रेय त्यांना, त्यांचे काकांना जाते.

सभा मात्र चालत राहिली. १८८५ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले अधिवेशन तिच्या यजमानपदाखाली पुण्यातच भरायचे ठरले होते, पण पटकीची साथ आल्याने ते मुंबईला हलले. पुढे सभा टिळकांच्या हाती आली. १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा सभेचे प्रतिनिधी पुन्हा खेडोपाडी गेले आणि दुष्काळसंहितेनुसार सारामाफी व मदत मागणे हा तुमचा हक्क आहे, असे शेतकऱ्यांना सांगू लागले. १८९७ साली मुंबई सरकारने कळवले, की लोकांच्या वतीने सरकारशी बोलण्याचा सभेचा अधिकार यापुढे मानला जाणार नाही.